‘बिल्ट-इन’ कमांडला मराठीत काय म्हणावं?

आर्वीकर: गावातल्या पोरांसाठी लिनक्सची टिपणं मराठीत करून राहिलो. अडलं ते या वाक्यापाशी, ‘डॅशमध्ये सोर्स ही बिल्ट-इन नाही, पॉझिक्सप्रमाणे नुसता टिंब द्या’. (शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, डॅश अन् बॅश हे त्यातले दोन; पॉझिक्स म्हणजे शेलनं कसं वागावं याचं प्रमाण; बिल्ट-इन म्हणजे शेलच्या आतच असलेली कमांड; सोर्स म्हणजे फाइलीतल्या कमांड चालू शेलमध्येच चालवणारी.) मी ‘अंगभूत’ लिहिलं तर वाचनालयातले सर म्हणे ‘अंतर्गत’ करा. पण अंतर्गत म्हटलं की आतल्या आतली भानगड वाटते.

पऱ्हाटी: अंगभूतच. अंगापासून वेगळं निघत नाही ते. डिरेक्टरी म्हणजे फोल्डर बदलायची सीडी पाहा ना, बाहेरचा प्रोग्राम म्हणून चालवली तर ती स्वतःच्याच प्रोसेसची डिरेक्टरी बदलते अन् संपते, शेल जिथल्या तिथं.

धामणगाव_रेल्वे: मंग मजकूर दाखवणारा एको कोणता भाऊ? तो शेलमंदीबी हाय अन् बिन फोल्डरातबी. बॅशमंदी ‘टाइप -ए एको’ मारून पाहा, दोन्ही दिसते. घरचं बियाणं दुकानातबी भेटते, पण घरी हाय तर आपण पयले तेच पेरतो, शेलबी पयले घरचंच घेते मंग पाथमंदी, म्हंजे कमांड शोधाच्या फोल्डराईच्या यादीत, शोधते. ‘घरची कमांड’ म्हणा, पोराईले लगेच समजते.

पऱ्हाटी: बोलायला ठीक, छापायला नाही. पॉझिक्समध्ये १५ ‘स्पेशल बिल्ट-इन’ आहेत, टिंब, एक्झेक, एक्सपोर्ट, ट्रॅप वगैरे, अन् सीडी त्यात नाही! त्यांना ‘खास घरच्या’ म्हणणार का?

जिनिंगरोड: बिल्ट-इनच राहू द्या. मोटर, स्टार्टर, डीपी आपण रोज म्हणतो, कोणाचं अडलं? मला राग येतो तो ‘पॉझिक्स कम्प्लायंट’साठी कोणी ‘प्रमाणबद्ध’ लिहिलं की. प्रमाणबद्ध मूर्ती असते, शेल नाही. सरळ ‘पॉझिक्स पाळणारा’ म्हणा.

आर्वीकर: ‘पाळणारा’ झकास. पण पाळून वर जास्तीचं देणाऱ्याला काय म्हणायचं? बॅश अट तपासायला दुहेरी चौकोनी कंस देतो, पॉझिक्समध्ये नसलेलं लोकल (व्हेरिएबल फंक्शनपुरतं ठेवणारं) तर डॅशही देतो. उबंटू या लिनक्समध्ये २००६ पासून एसएच (स्क्रिप्ट चालवणारा ठरलेला शेल) म्हणजे डॅश, तिथं बॅशची सवय असलेली पोरं हमखास अटकतात.

धामणगाव_रेल्वे: येवढं कायले ताणता बाप्पा, ‘डॅशमध्ये सोर्स नाही, टिंब द्या’ लिहा. बिल्ट-इन शब्दच लागत नाही.

पऱ्हाटी: लागतो! नुसतं ‘नाही’ म्हटलं तर पोरगा पॅकेज शोधत बसेल. सोर्स बाहेरून आणून चालतच नाही, ती फाइल चालू शेलनंच वाचायची असते, तेव्हाच तिच्यातले व्हेरिएबल हाती राहतात. हे ‘घरची’ या शब्दात कुठं येतं ते सांगा.

जिनिंगरोड: अन् ‘अंगभूत’मध्ये तरी कुठं येतं? पोरं ‘भूत’ वाचून हसतात फक्त.