मधुमेहाच्या निदानानंतर परत कामाच्या पाळीवर: पिशवीत काय ठेवू? (बजेट २,००० रुपये)

पाळी_बदल: सोमवारी कामावर हजर व्हायचंय. चाकणला प्रेस शॉप (पत्रा दाबायच्या मशीनवर काम), पाळी दर आठवड्याला बदलते. नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी, जेवणाबरोबर व्होग्लिबोजची. इन्सुलिन नाही. साखर तपासायचं मशीन, त्याच्या पट्ट्या आणि साखर उतरली तर जवळ ठेवायचं सामान, सगळं २,००० रुपयांत बसवायचंय.

टूलरूमवाला: मशीन सोडा, दंडाला लावायचा सेन्सर घ्या. १४ दिवस चालतो, रात्रपाळीत साखर कधी उतरते तेही दिसतं.

सुमेधा_न: तो २,००० मध्ये येतच नाही, आणि १४ दिवसांनी परत नवा. मशीन स्वस्तच असतं हो, खिसा कापतात त्या पट्ट्या! घराजवळच्या मेडिकलमध्ये कुठल्या पट्ट्या कायम मिळतात ते विचारून मगच मशीन घ्या. डबी उघडली की तिच्यावर तारीख लिहा, उघडल्यावर किती महिने चालतात ते डबीवर छापलेलं असतं. झाकण लगेच लावायचं, दमट हवेत पट्ट्या बिघडतात. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. केळं खाल्लेल्या हाताने आकडा उगाच वाढून येतो.

गोड_खाऊ: खिशात चॉकलेट ठेवा, काम झालं.

औषधवाली: चॉकलेट नको. त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. शिवाय व्होग्लिबोज चालू असताना साध्या साखरेवरही विसंबू नका. आतड्यात साखर फोडणारं विकरच ही गोळी अडवते. ग्लुकोज पावडरच ठेवा, घरूनच १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधून. घाम, थरथर, डोकं हलकं वाटणं, यातलं काहीही झालं की आधी प्रेसपासून बाजूला व्हा आणि तपासा. ७० च्या खाली असेल तर एक पुडी पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. चढली नाही तर दुसरी पुडी. चढली की पोळी-भाजी खाऊन घ्या, नाहीतर परत उतरते.

गोड_खाऊ: मग गूळ? तो तर नैसर्गिक.

औषधवाली: गुळातही मुख्यतः तीच साखर. शेजारच्या मशीनवरच्याला पुड्या दाखवून ठेवा, आणि शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन, हेही सांगा.

थंड_पिशवी: इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की फेकायचंच. चालू पेन ३० अंशांच्या आत राहील असं बघा.

पाळी_बदल: इन्सुलिन नाही हो मला.

थंड_पिशवी: बाकीचे वाचतात, त्यांच्यासाठी.

नाइट_ड्यूटी: खरा घोळ रात्रपाळीत होतो. सकाळी घरी येऊन सवयीने ग्लिमेपिराइड घ्यायची आणि न खाता झोपायचं, म्हणजे झोपेतच साखर उतरते, कळतही नाही. ही गोळी घड्याळाला नाही, जेवणाला बांधलेली आहे. जेवण नाही तर ती काय करायची, हे डॉक्टरांकडून पाळीनुसार लिहून घ्या. आणि निदान पहिले ३ महिने जनरल शिफ्ट मागाच.

सुमेधा_न: जनरलच मागा.

टूलरूमवाला: जनरल मागा, आणि सेन्सरच घ्या. पैसे जातात, पण झोप लागते.

पाळी_बदल: मशीन आणि ५० पट्ट्या घेतल्या, ग्लुकोजचा डबाही. सगळं मिळून १,६५०. जनरल मागणार नाही, रात्रपाळीचा भत्ता सोडणं परवडत नाही. शनिवारी डॉक्टरांकडून तिन्ही पाळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर घेतो. रोज प्रेस सुरू करण्याआधी एकदा आणि जेवणाच्या सुट्टीआधी एकदा तपासणार, म्हणजे डबी २५ दिवस पुरेल.