अनुभव धागा: सात जणांचं मंडळ, एक पेटी

गेल्या कोजागिरीला आमच्या भजन मंडळाचा ढोलकवाला सोयाबीनच्या मळणीत अडकला. उरलेले सहा जण टाळ-खंजिरीवर निभवायला बसलो आणि कळलं, आपण इतकी वर्षं ढोलकच्या आड लपत होतो. मोठ्या दिंडीत चुकलेला टाळ खपतो, सहा जणांत नाही खपत. भजन, दंडार-खडीगंमतीसारखं लोकनाट्य, झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) नाटक, लग्नातला बँड, जे वाजवत असाल ते लिहा. गोडही, कडूही.

पेटीवाला (तिवसा तालुका)
गावातल्या महिला मंडळाला पेटीवर कोणी मिळेना, म्हणून मला बोलावलं. तीस वर्षं पुरुषांत काळी एकमध्ये, म्हणजे खालच्या सुरात वाजवलेलं, बोटांना दुसरी वाट माहीत नाही. पहिल्याच गुरुवारी काकूंनी सूर लावला तो थेट काळी चार. माझी पेटी साधी, पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी स्केल चेंजर नाही. मनात हिशोब करून बोट ठेवीपर्यंत गजर पुढे निघून जायचा. म्हटलं, "काकू, जरा खाली गा ना." तर म्हणाल्या, "आवाज आमचा हाय बाबू, पेटी तुही हाय. तूच ये वर."

मग दोन महिने रोज जेवणानंतर एकच गजर काळी चारमधून घोटला. बायको वैतागली, शेजारचं पोरगं मात्र तो गजर गुणगुणत शाळेत जायला लागलं. आता पुरुषांच्या मंडळात बसलो की मलाच सूर पडल्यासारखा वाटतो. आणि एक सांगतो, बायका वेळेवर येतात. आमचे गडी "निघालोच" म्हणतात तेव्हा आंघोळही झालेली नसते.

टाळकरी
मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला 4 वाजून 58 मिनिटांनी, त्यांनी देह ठेवला त्या वेळेला, एवढी अफाट गर्दी एका क्षणात गप्प होते. आम्ही सात जण, पण गजर एकदम थांबवणं जमत नाही. एक टाळ मागून वाजतोच. (माझाच.)

खंजिरी
आमच्या मंडळात अजून चामड्याचीच हाय. फायबरची पावसात उतरत नाही हे खरं, पण वाजते डब्यावानी. चामड्याची गारठ्यात सैल पडते, मंग पऱ्हाटीच्या शेकोटीवर शेका. काकड्याच्या दिवसात पहाटे चारले हेच पहिलं काम. टिचकी मारून पाहाची, आवाज खणकन आला का उचलाची.

एका स्पर्धेत आमचा नंबर पुकारला अन् मी घाईघाईत थेट जाळावर धरली. मंधातून चर्रकन फाटली. आमच्या मांगच्या नंबराच्या मंडळानं आपली खंजिरी काढून देली. पहिलं बक्षीस त्यायलेच भेटलं, आम्हाले काहीच नाही. सांगा, चिडाव तरी कोणावर?

ऑर्गन (वडशाकडचा)
झाडीपट्टीत दिवाळीनंतर सुरू झालो की होळीपर्यंत रात्री आमच्या नाहीतच. स्टेजसमोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), बस्स. नट कडवं विसरला की तबलेवाल्याकडे नुसतं पाहायचं. त्याला आठवेपर्यंत तो भरत राहतो, लोकांना वाटतं चालच तशी आहे. पहाटे तीनला झोपेनं मान पडते तेव्हा तोच कोपर मारतो. भांडण फक्त बिदागीच्या वाटणीचं. ऑक्टोपॅडवाला म्हणतो माझं यंत्र महाग, तबलेवाला म्हणतो माझे हात.

ढोलक, नवीन
ग्रुपवर "आज तालीम?" विचारलं की सहा अंगठे येतात. देवळात मी आणि पुजारी.

धागाकर्ता
खंजिरीवाले भाऊ, फाटलेली मढवून घेतली का?

खंजिरी
घेतली, पण पहिल्यावानी बोलत नाही. त्या मंडळाची अजून आमच्याजौळच हाय. दोनदा नेऊन द्याले गेलो. चहा पाजला, दोन भजनं म्हणून घेतली अन् खंजिरी परत पिशवीत टाकून देली.