इन द कॉर्नर की ऑन द कॉर्नर?

शंकेखोर: फोटोचं वर्णन लिहितोय इंग्रजीत, टेबल खोलीच्या कोपऱ्यात आहे आणि दिवा त्याच्या बरोब्बर वर लटकतोय, तर कॉर्नरला इन लावू की ऑन आणि दिव्याला ऑन, ओव्हर का अबव्ह?

टिंब: खोलीच्या आत म्हणजे इन द कॉर्नर. रस्त्याच्या नाक्यावरची इमारत असेल तर ऑन किंवा ॲट. दिव्याला ऑन नको, तो टेकलेला नाहीये ना! ओव्हर, अबव्ह दोन्ही चालतील.

शंकेखोर: आणि समोर? मी सगळीकडे इन फ्रंट ऑफच ठोकतो

आडवातिडवा: खरा घोळ तिथेच होतो बघा, इमारत रस्त्यापलीकडे समोरासमोर असेल तर ऑपोझिट म्हणायचं, इन फ्रंट ऑफ म्हटलं की अलीकडेच, अगदी दारापुढे काहीतरी उभं आहे असं वाटतं.. आणि जागा सांगताना ऑपोझिटला ऑफ चिकटवू नका प्लीज