मदत हवी आहे: स्टॉक साइटवर ४० पैकी ३३ फोटो नाकारले, कारण कळत नाही

रानवाट
नमस्कार. दोन मोठ्या मायक्रोस्टॉक साइटवर (जिथे फोटो वापरासाठी थोड्या पैशात विकले जातात) खातं उघडून महिना झाला. ४० फोटो टाकले, ३३ परत आले. जे ७ पास झाले ती फुलं आणि ढग. ज्यांच्यावर खरी मेहनत घेतली ते सगळे बाद. फोटो स्पष्ट आहेत, नॉइज (बारीक दाणे) काढलेला आहे, आकारही भरपूर मोठा आहे. तेच परत टाकून पाहिले, तेच उत्तर आलं. नेमकं काय बदलायचं ते सांगा. "सराव करा", "धीर धरा" एवढंच नको, कृपया. या महिन्यात पहिले पैसे हातात येतील असं धरून चालले होते. आगाऊ धन्यवाद.

काचभिंग
नाकारल्याचं कारण प्रत्येक फाइलपुढे लिहिलेलं असतं. ते जसंच्या तसं इथे द्या. शिवाय कॅमेरा कोणता, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि शटर (उघडं राहण्याचा वेळ) किती, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) की जेपेग, नंतर कशात काय काय केलं, आणि विषय काय, हेही लागेल. एवढं कळल्याशिवाय सांगितलेलं सगळं अंदाजपंचे असेल.
एक मात्र लगेच थांबवा. काहीही न बदलता तीच फाइल परत पाठवू नका. ते पुनरावृत्ती म्हणून धरलं जातं आणि खात्यावर शेरा येऊ शकतो.

तिपाई
कारण काहीही असो, आधी फोटो लहान करा. बहुतेक साइटना किमान ४ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० चा फोटो ३००० बाय २००० केला की ६ मेगापिक्सेल उरतो आणि नियमात बसतो. चार पिक्सेलचा एक होतो, त्यामुळे नॉइज जवळपास निम्मा होतो आणि किंचित हललेला फोकससुद्धा झाकला जातो. निम्म्या नकारांवर हाच उपाय आहे.

रानवाट
कारणं: "नॉइज / आर्टिफॅक्ट" (दाणे किंवा प्रक्रियेत उमटलेले दोष) १४, "सारखा आशय" १०, "बौद्धिक संपदा" ६, उरलेले ३ "रिलीज (फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी) नाही". कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस. विषय सायकल दुरुस्ती.
लहान कसा करू? मी तर उलट दुप्पट मोठा केलाय. मोठ्या फोटोला जास्त पैसे मिळतात ना?

काचभिंग
दुप्पट म्हणजे १२००० बाय ८०००? मग ९६ मेगापिक्सेल झाले. एक्सपोर्ट करताना जेपेगची क्वालिटी किती ठेवली? आयएसओ, शटर अजून सांगितलेलं नाही. आणि सायकलचे किती?

रानवाट
सायकलचे २६. क्वालिटी ६०, कारण एका साइटला ४५ एमबीच्या वर फाइल चालत नाही आणि मोठी केल्यावर ती त्याच्या वर जात होती. लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/३२०, आयएसओ आपोआप ६४०० झाला. खोलीत काढले, खिडकीचा उजेड होता. सावल्या उजळल्या, मग एआयवाल्या टूलने नॉइज काढला, मग मोठा केला, मग शार्प केला.

काचभिंग
मग "आर्टिफॅक्ट" तिथूनच आले. क्रमाने बघा. ६४०० वर सावल्या उजळल्या की त्यात दडलेला नॉइज वर येतो. तो पूर्ण काढला की बारीक पोतही त्याच्याबरोबर जातो. शंभर टक्के झूमवर बोटाचं नख आणि साखळीची कडी जिथे भिडतात ती कड बघा. नखाच्या उभ्या रेषा पुसलेल्या असतील आणि त्वचा मेणासारखी दिसेल. असा फोटो मोठा केल्यावर सॉफ्टवेअर तिथे स्वतःच्या मनाने पोत भरतं. शार्पनिंगने कडेला पांढरी किनार येते. आणि शेवटी क्वालिटी ६० वर साठवल्यामुळे मागच्या सपाट भिंतीवर चौकोन उमटतात. परीक्षक हे चौकोनच बघतो. तुम्ही पूर्ण फोटो स्क्रीनवर बसवून बघितला असणार, त्यात यातलं काहीच दिसत नाही.
मूळ रॉ उघडा. सावल्या थोड्याच उजळा, नॉइज निम्माच काढा, शार्पनिंग शून्य, आकार मूळचा, रंगांचा प्रकार एसआरजीबी, क्वालिटी सर्वोच्च. २४ मेगापिक्सेलची फाइल अशीही ४५ एमबीच्या बरीच आत बसते. आकार वाढवून पैसे वाढत नाहीत. वर्गणीवर घेणारा कोणत्याही आकाराचा फोटो तेवढ्याच पैशात उतरवतो.
पुढच्या वेळी एफ/४ आणि १/८० ठेवा. दोन्हीकडून दोन-दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट) मिळतात आणि त्याच उजेडात आयएसओ ४०० वर येतो. हात क्षणभर स्थिर ठेवायला सांगा. एफ/४ ला पुढून मागे फोकसमध्ये राहणारा भाग कमी मिळतो, म्हणून बोटं आणि साखळी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतील अशी बैठक घ्या.

तिपाई
सगळं मान्य, पण आत्ता जे २६ हातात आहेत त्यांचं काय? ६४०० चे फोटो मूळ आकारात पास होणं कठीण. अर्धे करा, झालं.

काचभिंग
सरसकट अर्धे करणं मला पटत नाही. घेणारा बॅनरसाठी कडेचा तुकडा कापतो. ६ मेगापिक्सेलमधून त्याच्या हाती काय लागणार? ४००० बाय २६६७ पर्यंत आणा, साडेदहा मेगापिक्सेल उरतात आणि नॉइजही बराच दबतो. त्यावरही दिसला तर तो फोटो सोडून द्यावा.

सावलीपट
अ‍ॅलामीवर (हीही एक स्टॉक साइट) टाकायचे असतील तर ३००० बाय २००० च्या खाली जाऊ नका. तिथे उघडलेली (जेपेगने न दाबलेली) फाइल १७ एमबीच्या वर लागते आणि हा आकार १७.१७ भरतो, म्हणजे अगदी काठावर. तिथे तपासणी नमुन्याने होते. एक फोटो नापास झाला की त्याच्याबरोबरचा सगळा गठ्ठा परत येतो, म्हणून डळमळीत फाइल चांगल्यांमध्ये मिसळू नका.
आणि माझं मत विचाराल तर या मालिकेतले लोगो पुसत बसण्यापेक्षा संपादकीय वापरासाठी (बातम्या-लेखांसाठी, जाहिरातीसाठी नाही) द्या. बौद्धिक संपदेचे ६ आणि रिलीजचे ३ असे ९ फोटो तिथेच सुटतात. फक्त कॅप्शन ठरलेल्या साच्यात हवं: शहर, देश, तारीख, आणि काय चाललंय ते एका वाक्यात. फोटोत काही पुसायचं नाही, काही जोडायचं नाही. रंग, उजेड, काप एवढंच.

निळीशाई
सावलीपट, इथे असहमत. घरातल्या खोलीत बसवून काढलेली सायकल दुरुस्ती संपादकीय म्हणून कोण घेणार? त्या बाजूला घटना, ठिकाणं, ओळखीची उत्पादनं खपतात. शिवाय अडोबी स्टॉकवर संपादकीयमध्ये ओळखू येणारी माणसं चालतच नाहीत. हा विषय व्यावसायिक वापराचा आहे: दुरुस्तीच्या सूचना, विमा, स्वावलंबन, पर्यावरण. लोगो पुसणं आणि रिलीजवर सही घेणं हेच इथे फायद्याचं.
"सारखा आशय" साठी २६ मधले ५ निवडा. एक आडवा, बाजूला मोकळी जागा असलेला, कारण मजकूर टाकायला तोच लागतो. एक उभा. एक साखळीवरच्या बोटांचा जवळून. एक ट्यूबवर पॅच दाबतानाचा. एक पूर्ण माणूस आणि सायकल. बाकीच्यांत कोन थोडा-थोडा फिरवलेला असेल, ते परीक्षकाला एकच वाटतात.
कीवर्ड काय दिलेत?

उलटीघडी
फोटोत आता गर्दी फार झाली आहे. हाच विषय व्हिडिओत घ्या. ५ ते ६० सेकंदांची क्लिप चालते, ट्रायपॉडवर १०-१५ सेकंद पुरतात, आवाज काढून टाका. अडोबी फोटोला विक्रीतले ३३ टक्के देतं, व्हिडिओला ३५, आणि क्लिपची किंमत मुळातच जास्त असते. चाक फिरतंय, स्पोक ताणले जातायत, हे सगळं हालचालीचंच काम आहे.

रानवाट
व्हिडिओ नको, कॅमेऱ्यात ते नीट जमत नाही. कीवर्ड ५० दिले, सगळ्या ४० फोटोंना तेच. एक यादी सापडली होती, जास्त विकणाऱ्या शब्दांची.

निळीशाई
फुलांना आणि सायकलला एकच यादी? ती आज काढून टाका. कुणी "बिझनेस" शोधलं आणि तुमचा टायर समोर आला तर तो क्लिक करत नाही, आणि न क्लिक झालेला फोटो शोधात खाली सरकतो.
शटरस्टॉकवर ७ ते ५० कीवर्ड लागतात, अडोबीवर ४९ पर्यंत, आणि अडोबीवर क्रमाला महत्त्व आहे. पहिले १० सर्वांत नेमके हवेत. पॅचच्या फोटोला: बायसिकल, पंक्चर, इनर ट्यूब, पॅच, रिपेअर, हँड्स, टायर, फिक्सिंग, मेंटेनन्स, क्लोजअप. २५-३० नेमके शब्द पुरतात. शीर्षकात जे दिसतं तेच सांगा, "ट्यूबवर पॅच दाबणारे हात" इतकं साधं. हे लाइटरूम किंवा मोफत हवं तर डिजिकॅम या प्रोग्रॅममध्ये एकदाच भरा. आयपीटीसीमध्ये (फाइलच्या आतल्या माहितीच्या रकान्यांत) फाइलबरोबर जातं, प्रत्येक साइटवर पुन्हा टंकावं लागत नाही.

कोरापाट
डब्ल्यू-८बीईएन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरला का? अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीने तो दिला नाही तर अमेरिकी उत्पन्नावर ३० टक्के कापले जातात. तुमच्या देशाचा करार असेल तर दर कमी होतो. सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन कॅलेंडर वर्षं तो चालतो, मग नवा भरायचा. बँकेतलं नाव आणि खात्यातलं नाव अक्षरशः एक हवं.

तिपाई
कोरापाट, माहिती चांगली आहे पण धागा नकारांचा आहे. वेगळा धागा काढलात तर पुढच्यांना सापडेल.

रानवाट
कराचं नंतर बघते. या महिन्यात पैसे निघतील की नाही तेवढं कुणीतरी स्पष्ट सांगा.

निळीशाई
नाही निघणार. हिशोब बघा. शटरस्टॉकवर वर्षाच्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत विक्रीतले १५ टक्के, आणि एका डाउनलोडला किमान १० सेंट. १०१ पासून २०, २५१ पासून २५, ५०१ पासून ३०, २५०१ पासून ३५, आणि २५,००० च्या पुढे ४० टक्के. २०२० पासून ही पद्धत आहे, आणि दर १ जानेवारीला सगळे परत पहिल्या पायरीवर येतात. अडोबीवर वर्गणीच्या डाउनलोडला साधारण ३३ सेंटपासून मिळतात आणि २५ डॉलर जमल्यावरच काढता येतात, म्हणजे सुमारे ७६ डाउनलोड. शिवाय पहिल्या विक्रीनंतर ४५ दिवस जावे लागतात. अ‍ॅलामीवर ५० डॉलर साठावे लागतात. ७ फोटोंवर हे एका महिन्यात होत नाही, आणि फुलं-ढग तर सर्वांत जास्त गर्दीचे विषय. लोकांना रोजच्या कामात लागणारे विषय घ्या. सायकल दुरुस्तीची तुमची निवड चांगली आहे, म्हणून तर एवढं लिहितेय.

उलटीघडी
अवांतर: मग एआयने चित्रं बनवून का टाकू नयेत? वेळ तरी वाचेल.

काचभिंग
अडोबी स्टॉक घेतं, पण जनरेटिव्ह एआय असल्याची खूण करावी लागते. शटरस्टॉक आणि गेटी/आयस्टॉक योगदानकर्त्यांकडून घेत नाहीत. गेटीने २०२२ मध्येच बंदी घातली. एआयच्या चित्रांत सायकलची साखळी दातांवर नीट बसलेली क्वचितच दिसते, आणि दुरुस्तीचा फोटो शोधणाऱ्याला नेमकी साखळीच बरोबर हवी असते. रानवाट यांच्या रॉ फाइलींकडे परत येऊ या.

रानवाट
बरं. मूळ रॉवरून ५ फाइल पुन्हा केल्या, ४००० बाय २६६७. शंभर टक्क्यांवर भिंतीवरचे चौकोन गेले, नखाच्या रेषाही दिसताहेत. आता दोनच प्रश्न. फोटोत माझा भाऊ आहे, त्याची सही चालेल ना? आणि लोगो कुठपर्यंत पुसायचे?

सावलीपट
भावाची सही चालते, घरचा माणूस असला तरी रिलीज लागतोच. साक्षीदार मात्र तुम्हीही नको आणि भाऊही नको, तिसरी सज्ञान व्यक्ती हवी. रिलीजवर फोटो काढल्याची तारीख घाला, फाइलमधल्या तारखेशी जुळायला हवी. भाऊ अज्ञान असेल तर आई किंवा वडिलांची सही. फक्त हात दिसणाऱ्या फोटोला सहसा रिलीज लागत नाही, पण हातावर गोंदण असेल तर त्या कलाकाराचीही परवानगी मागतात.

काचभिंग
लोगो: फ्रेमची आडवी नळी, सीट, पेडल, ब्रेकचे लिव्हर, आणि टायरची बाजू. टायरवरची अक्षरं रबराच्याच रंगाची, उठावदार असतात. ती लहान आकारात दिसत नाहीत, शंभर टक्क्यांवर वाचता येतात. क्लोन स्टॅम्पने (शेजारचा भाग उचलून चिकटवणारं साधन) पुसताना रबराच्या रेषेच्या वळणाने जा, नाहीतर डाग दिसतो. भावाचा शर्ट आणि बूटही तपासा.

नवखा_डोळा
यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा? मोबाइल चालेल का?

तिपाई
चालतो, भरपूर उजेडात आणि रॉमध्ये. मोबाइलचं जेपेग आधीच शार्प केलेलं असतं, पानं आणि केस जलरंगासारखे दिसतात. एचईआयसी (काही मोबाइलचा फोटोचा प्रकार) फाइल जेपेग करून पाठवावी लागते. डिजिटल झूम अजिबात नको.

रानवाट
भाऊ सज्ञान आहे. रिलीज भरला, साक्षीदार म्हणून शेजारच्या काकूंची सही घेतली. ५ पैकी ४ फाइल आत्ता पाठवल्या. पाचवी थांबवली, टायरच्या बाजूला अर्धं अक्षर राहिलं होतं, पाठवता पाठवता दिसलं.

काचभिंग
स्पोकमधून पलीकडचा टायर दिसतो, त्याच्या आतल्या बाजूवरही अक्षरं असतात. पाठवलेल्या चारांत तेवढं बघून घ्या. राहिलं असेल तर तपासणी सुरू व्हायच्या आत फाइल काढून घेता येते.