मुलाचा ताबा बदलून घेण्यासाठी तातडीने मदत हवी आहे

शेवंती: परस्परसंमतीच्या घटस्फोटात मुलाचा ताबा वडिलांकडे आणि शनिवार-रविवारची भेट माझ्याकडे ठरली होती. हल्ली ते मद्यपान करून त्याला दुचाकीवरून नेतात. गाडी घसरून त्याचे मनगट मोडले, हेही मला त्याच्या शिक्षिकेकडून कळले. संमतीच्या अटींवर सही असल्याने आता काही होणार नाही, असे वकील म्हणतात. कृपया लवकर सांगा.

वाटसरू: मुलाचे वय, त्याचे सध्याचे गाव आणि हुकूमनामा कोणत्या कायद्याखाली झाला, हे कळल्याशिवाय नेमके काय सांगणार?

अनुभवी: कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली तात्पुरता ताबा मागा. माझ्या बहिणीला तसाच मिळाला.

जुना वकील: त्या कलमाखाली ताबा मिळतो तो स्वतःवरील हिंसाचारापासून संरक्षण मागणाऱ्या स्त्रीला, आणि ताईंनी तशी तक्रार केलेलीच नाही. सहीचा बाऊही नको. 1973 च्या रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की ताब्याचे आदेश तात्पुरत्या स्वरूपाचे असतात आणि ते संमतीने झालेले असले, तरी मुलाच्या हितासाठी बदलता येतात.

अनुभवी: बहिणीचे काम झाले, एवढे मला पुरे.

हिशेबी: पोटगी किती ठरली होती? ताबा मिळाल्यास ती वाढवून मागा.

शेवंती: पोटगीचा प्रश्नच नाही. मुलगा नऊ वर्षांचा असून नाशिकला वडिलांकडे राहतो, मी ठाण्यात असते आणि हुकूमनामा ठाण्याचाच, हिंदू विवाह कायद्याखालचा आहे.

जुना वकील: मग त्या कायद्याच्या कलम 26 खाली हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयातच आदेशबदलाचा अर्ज करा आणि सोबत अंतरिम अर्ज जोडून निकालापर्यंत मुलाला दुचाकीवरून नेण्यास मनाई मागा.

वाटसरू: नाशिकच बरे, असे मला वाटते. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल जिथे नेहमी राहते तिथे अर्ज चालतो, आणि शाळा, रुग्णालय, साक्षीदार सारे तिथेच आहेत.

जुना वकील: तोही मार्ग आहे, परंतु तिथे नवे प्रकरण उभे करावे लागेल, इथे मूळ कागद न्यायालयापुढेच आहेत. शिवाय रविवारी मुलाला परत न पाठवण्याचा मोह टाळा, कारण आदेश तुम्हीच मोडला असे समोरून दाखवले जाईल. तो वडिलांबरोबर असताना तातडीचा धोका दिसला, तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा.

शेवंती: शिक्षिका लेखी द्यायला तयार नाहीत.

जुना वकील: त्यांना भरीस घालू नका. रुग्णालयाची कागदपत्रे न्यायालयामार्फत मागवता येतात, गरज पडल्यास शिक्षिकेला समन्स काढता येते, आणि नऊ वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश किंवा समुपदेशक स्वतः बोलू शकतात. मात्र काय बोलायचे हे त्याला पढवू नका.