सुट्टी लागेपर्यंतचे दिवस मजेत कसे घालवता? मदत हवी आहे

मंडळी, रजा मंजूर झाली, तिकिटंही काढून झाली. पण निघायला अजून बराच अवकाश आहे आणि कामात लक्ष म्हणून लागत नाही.

२०१० साली नेदरलँड्समधल्या दीड हजारावर लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सहलीला जाणारे लोक निघण्याआधीच इतरांपेक्षा जास्त खूश होते, आणि परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरलाच नाही! म्हणजे बरीचशी मजा वाट पाहण्यातच आहे. मग ती नुसती कॅलेंडरकडे बघत घालवायची का?

सध्या माझं एवढंच चाललंय: झोपायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ (नंतर अंग हळूहळू निवत जातं, झोप लवकर लागते), धुतलेली चादर, फोन दुसऱ्या खोलीत. सामानाची यादी मात्र सारखी करते आणि खोडते, त्याने उलट डोकंच उठतं.

तुम्ही काय करता? खर्च नको, दमून घरी आल्यावर जमेल असं सुचवा. आणि सुट्टीसाठी राखून ठेवलेलं पुस्तक आत्ताच उघडावं का? यावर घरात दोन तट पडलेत.