पोकरमधल्या 'पोझिशन'ला काय म्हणावं?

काठावरची: टेक्सस होल्डेमवरचा एक लेख मराठीत करतेय. 'प्ले इन पोझिशन'पाशी गाडी अडलीय. 'मोक्याच्या जागी बसून खेळा' असं लिहिलं, तर नवरा म्हणाला, खुर्ची तीच राहते, डीलर कोण ते दाखवणारी चकती, म्हणजे बटण, दर डावाला पुढे सरकतं. मग लिहू काय?

झब्बू: अहो, मुद्दा पाळीचा आहे. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर, बटणवाला सगळ्यांत शेवटी बोलतो, कोण चेक करतंय (पैसे न लावता पाळी पुढे देतंय), कोण पैसे लावतंय हे बघून. नऊ जणांच्या टेबलावर पहिलीच पाळी माझी आणि हातात वेगवेगळ्या रंगांचे राजा-गुलाम, तर मुकाट टाकून देतो. आठ जण बोलायचे असतात अजून. तेच पत्ते बटणावर आले आणि आधीच्यांनी पानं टाकली, की बिनधास्त रेझ, रक्कम वाढवायची. 'शेवटची पाळी' लिहा.

विसूनाना: अग्रपाळी, मध्यपाळी, अंत्यपाळी. सुबक संच होतो.

झब्बू: नाना, अंत्यपाळी म्हटलं की खांदेकरी आठवतात.

दुर्री: 'शेवटची पाळी' फसवेल. फ्लॉपच्या आधी शेवटी बोलतो तो बिग ब्लाइंड (वाटपाआधी मोठी सक्तीची रक्कम टाकणारा), आणि पुढच्या फेऱ्यांत तोच सुरुवातीला अडकतो. त्याला कोणी पोझिशन म्हणत नाही. मला 'मोका' आवडला. मूळ अरबी शब्दाचा अर्थही ठिकाण असाच आहे.

विसूनाना: म्हणजे 'मोक्याची जागा' ही जागेची जागा झाली! घरात 'पाळी' असताना अरबांकडे कशाला जायचं?

दुर्री: मग 'मोक्या'वर थांबू नका, 'खुर्ची'पण टाका, तीही अरबीच.

काठावरची: बरं, 'ब्लाइंड' तसाच ठेवते. तीन पत्तीमुळे सगळ्यांना कळतो.

दुर्री: नका हो! तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता चाल. पोकरात ती पत्ते वाटायच्या आधीची सक्तीची रक्कम. लोक पानं पालथी ठेवून बसतील.

झब्बू: मग तीन पत्तीत डावाआधी टाकतात तो 'बूट' म्हणा.

दुर्री: बूट सगळे टाकतात. ब्लाइंड एरवी बटणाच्या डावीकडचे दोघेच, आणि दोघांतच डाव असेल तर बटणवालाच स्मॉल ब्लाइंड.

विसूनाना: हा 'बूट' आला कुठून? आमच्या वाड्यात दिवाळीला 'बाजी टाक' म्हणत.

झब्बू: बाजी म्हणजे अख्खा डाव, नाना. बाजी मारतात, टाकत नाहीत.

विसूनाना: आम्ही टाकत होतो. आणि मारतही होतो.